सोळाकाकांची भिंत

एसीला किती अँपिअरचा ब्रेकर लागतो, असं कुणी सोळाकाकांना विचारलं की ते आधी चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाला पुसत आणि उलटा प्रश्न टाकत, "वायर कुठली आहे?"

समोरचा म्हणे, "दीड टनाचा एसी आहे, काका."

"एसी कसला आहे ते मी विचारलंच नाही. डॉक्टर म्हणतोय जीभ दाखवा, आणि तुम्ही त्याला चपलेचा नंबर सांगताय."

मग समोरचा ओशाळून घरी फोन लावी, घरच्यांनाही ठाऊक नसे, आणि शेवटी काका स्वतः जिने चढून जात. बोर्ड उघडत, वायरचं टोक सोलत, तांब्याचा पीळ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून जरासा फिरवत. तेवढ्यावर त्यांना वायर किती चौरस मिलिमीटरची ते कळे. "अडीचची," ते जाहीर करत. "सोळाच्या वर एक नाही."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं, आणि ते त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की ऐकणाऱ्याला जांभई यायची. ब्रेकर यंत्राला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. यंत्र जळलं तर डोळ्यांसमोर जळतं, शिव्या घालून नवं आणता येतं. वायर भिंतीच्या पोटात जळते, आणि आपल्याला कळतं तेव्हा पडदा पेटलेला असतो. म्हणून वायर दीडची तर ब्रेकर दहाचा, अडीचची तर सोळाचा, चारची तर विसाचा, फार तर पंचविसाचा. एसी चालू होताना एक दणका मारतो, तो सोसणाऱ्या जातीचा ब्रेकर हवा तर घ्या. पण आकडा एसीने ठरवायचा नाही, वायरने ठरवायचा. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," काका म्हणत, "आणि अंथरूण म्हणजे वायर. एसी नुसते पाय."

ते राहत ती इमारत चार मजल्यांची, आठ घरांची. खाली जिन्याच्या पोटात मीटरची खोली. तिची किल्ली काकांकडे, कारण इमारतीतला एकमेव वायरमन तेच. खोलीत आठ मीटर आणि आठ ब्रेकर, आठही सोळाचे. आजवर ज्याने ज्याने एसीचं नाव काढलं त्याला काकांनी वाटेला लावलं होतं. कधी म्हणत मीटर जुने आहेत, कधी म्हणत वीज कंपनीची मंजुरी मिळत नाही, आणि काहीच सुचलं नाही तर म्हणत, "यंदा उन्हाळा तसा बेताचाच आहे हो." लोक चरफडत आणि पंख्याचा वेग वाढवत. सोळाकाका हे नाव त्यातूनच पडलं. खरं नाव विजेच्या बिलावर छापून येई तेवढंच, आणि बिल आलं की काकू म्हणत, "हे कोण गृहस्थ आपल्या पत्त्यावर राहतात, एकदा भेटायला हवं."

भिंतीत काय आहे हे मात्र इमारतीत एकट्या काकांना ठाऊक होतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ही इमारत उभी राहत होती तेव्हा तिच्यात तारा ओढणारा हात काकांचाच होता. वय एकतीस, लग्नाला दोन वर्षं झालेली, राहायला स्वतःची जागा नाही. नकाशात लिहिलं होतं, मीटरपासून प्रत्येक घरापर्यंत सहाची वायर. कंत्राटदार अडीचची भेंडोळी घेऊन आला. "सहाची नाही मिळाली. हीच ओढ. एकदा प्लास्टर झालं की भिंत काय बोलते?" काकांनी एकदा त्या भेंडोळ्यांकडे बघितलं, एकदा कंत्राटदाराकडे बघितलं आणि ओढली. आठ घरांच्या आठ जोड्या, सगळ्या एकाच पाइपात, काड्यांच्या जुडीसारख्या दाबून, तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत. मजुरीच्या बदल्यात त्यांना चौथ्या मजल्यावरचं, बरोबर गच्चीखालचं घर मिळालं. ते घर तापतं म्हणून कुणी घ्यायला तयार नव्हतं.

कंत्राटदार पुढे वारला. भिंत खरोखरच काही बोलली नाही. काकाही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी सोळाच्या वर कुणाला जाऊ दिलं नाही. जी गोष्ट सांगता येत नव्हती, ती त्यांनी अशी सांभाळली.

आणि आता काकूंना गार खोली हवी होती.

पाच वर्षांपूर्वी काकूंच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. तपासण्या झाल्या, मज्जातंतूंचा आजार निघाला. त्याला एक चमत्कारिक खोड होती. अंग तापलं की नसा हात वर करत. सकाळच्या गारव्यात काकू भिंत न धरता चालायच्या, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायच्या, आणि तेही पेनने. पेन्सिल म्हणजे खोडायची तयारी, आणि खोडायची वेळ त्यांच्यावर येत नसे. दुपारी एक वाजला, डोक्यावरची गच्ची तव्यासारखी तापली की हातातला कप निसटे. कोड्यातली एक चौकट दोन दिसू लागे. पाय तर कुणा परक्याचे आणून जोडल्यासारखे. संध्याकाळी उतार पडला की गेलेलं पुष्कळसं परत येई. आजार आपल्या वाटेने चाललाच होता, म्हणून दर वर्षी परत येणारं थोडं कमी असे.

"मी तुमच्या खात्यातलीच निघाले," काकू म्हणायच्या. "तापलं की खटका पडतो. तुमचा तरी सोळाला पडतो, माझा आता सहावर आलाय."

काकांना हा विनोद कधी आवडला नाही. डॉक्टरीण बाईंनी त्याच गोष्टीला विनोद न करता सांगितलं होतं, "औषधं चालू राहतील, पण उन्हाळ्यात खोली थंड ठेवा. वारा नको, थंडी हवी. पंखा गरम हवाच फिरवतो."

दोन उन्हाळे काकांनी ओल्या चादरींवर काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी ते कामावरून आले तेव्हा काकू पलंग आणि मोरीच्या दाराच्या मध्ये जमिनीवर पडलेल्या होत्या. गाल फरशीला टेकलेला, डोळे उघडे. तासभर झाला होता.

"अगं, हाक तरी मारायचीस."

"कुणाला? आणि इथे जरा गार आहे," काकू म्हणाल्या. "मला लगेच नका उचलू."

काका तिथेच बाजूला बसले. फरशीवर हात ठेवून पाहिला. खरंच जरा गार होती.

त्या संध्याकाळी त्यांनी कोड्याच्या कागदाच्या मागे हिशेब मांडला. एक टनाचा एसी, पाच-सहा अँपिअर. फ्रिज, पंखे, दिवे मिळून तीन. झाले नऊ. अडीचची वायर नऊ सहज सोसेल, पण केव्हा, तर जुडीतल्या बाकीच्या सात जोड्या गार असतील तेव्हा. एकमेकींना चिकटलेल्या तारा एकमेकींची ऊब घेतात, आणि पाइपात वारा नसतो. त्यातून चौथ्या मजल्याची जोडी सगळ्यांत लांब, पाइपाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत बाकीच्यांच्या अंगाला अंग घासत गेलेली. काकांनी कागदावर लिहिलं: एक चालेल. दोनही चालतील. आठ चालणार नाहीत.

म्हणजे त्यांचा चालणार होता. फक्त दुसऱ्या कुणाचा चालू द्यायचा नव्हता. तसंही गेली अठ्ठावीस वर्षं ते हेच करत आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला बोलावलं. भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा, तिशी ओलांडलेला. पक्कड धरायला मामाकडे शिकला आणि आता बाजारात स्वतःचं एसीचं दुकान चालवत होता. त्याने कुठल्याशा ऑफिसातून उतरवलेला एक टनाचा एसी आणला, धुऊनपुसून बसवला, पोटात गॅस भरला. मग विचारलं, "मामा, ब्रेकर कितीचा टाकू?"

"घरात नवी चारची लाइन टाकलीय. विसाचा टाक."

"आणि खाली मीटरवर?"

"खाली सोळाच."

भाचा हसला. "मामा, मी गावभर बत्तीस-बत्तीस टाकत फिरतो. एकाची तक्रार नाही."

"तक्रार भिंत करते," काका म्हणाले. "आणि ती एकदाच करते."

"आता हे तुम्ही मला बारा वर्षांचा असल्यापासून सांगताय."

"तेव्हाही कळलं नव्हतं."

एसी चालू झाला आणि काकूंच्या खोलीत जणू कायमची सकाळ झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी भर दुपारी दोन वाजता कप स्वतः उचलला आणि रिकामा करून खाली ठेवला. पाचव्या दिवशी साठलेली तीन आठवड्यांची शब्दकोडी उशाशी घेऊन बसल्या. दहाव्या दिवशी काकांनी ओला टॉवेल खुर्चीवर टाकला म्हणून त्यांनी भांडण काढलं, आणि ते पूर्ण भांडण उभ्याने केलं. काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बघताय काय? चूक तुमची आहे."

"चूक माझीच आहे," काका म्हणाले. "तू बोल."

असे एकवीस दिवस गेले. मग मास्तरांनी वर पाहिलं.

मास्तर दुसऱ्या मजल्यावर राहत. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि गणिताला माणसं मिळेनात म्हणून इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी झालेले. एसीचं पाणी त्यांच्या गॅलरीत, बरोबर त्यांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर ठिबकत होतं. त्यांनी जिन्यात काकांना गाठलं.

"काय काका, चौथा मजला थंड हवेचं ठिकाण झाला म्हणे."

"बायकोची तब्येत, मास्तर."

"ती मला ठाऊक आहे, आणि वाईट वाटतं. पण गेल्या वर्षी आमची सून बाळंत होऊन आली, ते एवढंसं पोर घामोळ्यांनी लाल झालं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, मंजुरी मिळत नाही. मग तुम्हाला ती कुठल्या खिडकीवर मिळाली, तेवढं सांगा. मीही रांगेत उभा राहतो."

काकांना खोटं बोलता आलं असतं. सराव होता. पण त्या पोराची घामोळी त्यांनी स्वतः पाहिली होती, आणि तरीही "उन्हाळा बेताचाच आहे" म्हणून ते जिना चढून गेले होते. ते कठडा धरून उभे राहिले. "मास्तर, मीटिंग बोलवा. सगळ्यांसमोर सांगतो."

गच्चीवर संध्याकाळी खुर्च्या मांडल्या गेल्या. काकांनी सगळं सांगितलं. सहाच्या जागी अडीचची. आठ जोड्या एका पाइपात. कंत्राटदार काय म्हणाला, आपण काय केलं, हे राहतं घर कशाबद्दल मिळालं. मंजुरी, मीटर, बेताचा उन्हाळा, सगळं खोटं. शेवटी हात जोडून म्हणाले, "पाइपातून आता जुनी वायर निघणार नाही, नवी शिरणार नाही. पण जिन्याच्या भिंतीवरून बाहेरून पाइप टाकून प्रत्येकाला सहाची नवी वायर देता येईल. मी देतो. माझ्या हाताने, मजुरी न घेता. महिनाभर द्या. तोवर कुणी एसी लावू नका. मीही माझा बंद ठेवतो."

काकांना वाटलं, आता शिव्या येतील. शिव्यांची त्यांनी तयारी केली होती. पण आलं ते गणित.

"म्हणजे," मास्तर बोटावर मोजत म्हणाले, "मंजुरीची अडचण नव्हती. मीटरची नव्हती. अडचण फक्त तुमची होती."

"माझी नाही, वायरची."

"अठ्ठावीस वर्षांत वायर एकदा तरी जळली?"

"नाही जळली, कारण मी सोळाच्या वर जाऊ दिलं नाही."

"हे तुमचं म्हणणं. मी म्हणतो वायर चांगली आहे म्हणून जळली नाही. उत्तर दोन्ही रीतींनी तेच येतं. मग तुमची रीत बरोबर कशावरून?"

"मास्तर, हे फळ्यावरचं गणित नाही हो."

पहिल्या मजल्यावर औषधांचे दुकानवाले राहत. ते सहसा मीटिंगमध्ये पेंगत, पण त्या दिवशी जागे होते. ते शांतपणे म्हणाले, "काका, राग मानू नका. जो माणूस अठ्ठावीस वर्षं आम्हाला खोटं सांगत आला, त्याचं आजच खरं कसं धरायचं? तुमच्या घरात थंड झालं, आता आमच्याकडे होऊ नये, असंही असेल."

याचं उत्तर काकांनी स्वतःच्याच हाताने वर्षानुवर्षं कुरतडून संपवलं होतं.

नव्या वायरीबद्दल ठरलं ते असं, की जिन्याला नुकताच रंग दिलेला आहे, तेव्हा त्याच्यावर पाइप ठोकायचा विषय वार्षिक सभेत घ्यावा. वार्षिक सभेला सात महिने होते. निदान माझी एकट्याची जोडी तरी बाहेरून नेऊ द्या, पाइपातलं ओझं एकाने कमी होईल, असं काका म्हणाले. त्यावर मास्तर म्हणाले, "पुन्हा तुमचं एकट्याचंच? होईल ते सगळ्यांचं एकदम होईल." ठराव एकमताने मंजूर झाला. काकांचं मत कुणी विचारलं नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत इमारतीत सहा एसी लागले. जे अठ्ठावीस वर्षं कायद्याने अडलंय असं वाटत होतं, ते नुसत्या एका म्हाताऱ्याने अडवलं होतं हे कळल्यावर कोण थांबतो? सातवा मास्तरांचा. काकांनी आपला एसी अजून बंद केला नव्हता. सगळ्यांनी थांबायचं ठरलं असतं तर बंद ठेवीन म्हटलं होतं. कुणीच थांबलं नाही, तेव्हा त्यांनीही त्या शब्दाच्या आडोशाला बसून घेतलं.

एसी लावायला भाचाच येत होता. काकांनी त्याला मास्तरांच्या दारात पकडलं.

"तू? सगळं ऐकूनही?"

"मामा, मी नाही लावला तर चौकातला लावेल. तो तर स्क्रूसुद्धा आवळत नाही. माझ्या हातची जोडणी तरी घट्ट असते."

"जोडणी घट्ट असून उपयोग काय? वायर तीच."

"मग तुमचा काढून दाखवा," भाचा म्हणाला. बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. "मामींसाठी मी बोलत नाही हो. पण सगळ्यांनाच कुणीतरी मामी असते."

दीड टनाचे एसी, त्यात कुणाचा पाण्याचा हीटर, कुणाची इस्त्री. मीटरवरचे सोळाचे ब्रेकर दुपारी पटापट पडू लागले. बिचारे आपलं काम करत होते. लोकांनी भाच्याला बोलावलं आणि त्याने किल्ली मागितली. काकांनी दिली नाही, तेव्हा मास्तरांनी कमिटीकडची दुसरी किल्ली दिली. भाच्याने सात सोळा काढले, सात बत्तीस बसवले, आणि काढलेले सात एका खोक्यात घालून मामाच्या दाराशी ठेवून गेला. चांगल्या स्थितीतली वस्तू तो कधी टाकत नसे. हेही मामानेच शिकवलं होतं.

काका वीज कंपनीच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मीटरच्या पुढचं आमच्याकडे येत नाही, काका. लेखी तक्रार द्या हवी तर. मग तपासणी होईल, आणि धोका आढळला तर दुरुस्ती होईपर्यंत अख्ख्या इमारतीची वीज तोडू."

"किती दिवस?"

"ते तुमची दुरुस्ती कधी होते त्यावर."

वीज तोडली म्हणजे एसी गेला, पंखाही गेला. काकांनी तक्रारीचा कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. तो पुढे बरेच दिवस खिशातच राहिला, एका धुण्यात लगदा होईपर्यंत.

मग त्यांनी एक केलं. एका सकाळी जिन्यातली वर्दळ थांबल्यावर, खोक्यातले सात ब्रेकर घेऊन ते मीटरच्या खोलीत शिरले. एकेकाची वीज दोन मिनिटं बंद करत सातही ठिकाणी पुन्हा सोळा बसवले. बत्तीसचे खोक्यात. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आपण काहीतरी नीट केलं असं त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी काकूंना शब्दकोड्यातला एक शब्दही सुचवला. तो चुकीचा होता.

दुपारी अडीचला खटके पडू लागले. पहिल्यांदा तिसरा मजला, मग पहिला, मग दोन्ही दुसरे. तीन वाजेपर्यंत सगळी इमारत जिन्यात होती, घामाघूम. मास्तरांच्या कडेवर त्यांचं नातवंड होतं, भोकाड पसरलेलं. मीटरच्या खोलीत सात सोळा ओळीने खाली मान घालून बसलेले, आणि आठवा, काकांचा, ताठ उभा.

ते दृश्य किती वाईट दिसतंय हे काकांना तेव्हा कळलं. त्यांच्या नऊ अँपिअरला सोळा पुरत होता म्हणून तो पडला नव्हता. पण हे त्या जिन्यात उभं राहून कुणाला सांगायचं?

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या, काका."

अठ्ठावीस वर्षं जुडग्यात राहून ती किल्ली इतरांपेक्षा गुळगुळीत झाली होती. काकांना ती जुडग्यातून काढायला वेळ लागला. सगळे वाट बघत उभे राहिले. कुणी मदत केली नाही, कुणी हसलंही नाही. मास्तरांनी किल्ली खिशात टाकली, संध्याकाळी भाचा येऊन बत्तीस लावून गेला. या खेपेला तो मामाच्या दाराशी थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काका जिन्यात आले. पाइप कुठून जातो हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, ताज्या रंगावर त्यांनी तळहात ठेवला. मग हातभर बाजूला ठेवून पाहिला. पुन्हा पहिल्या जागी. बाजूची भिंत नुसती उन्हाळ्याची होती. ही आतून ऊबदार होती, ताप उतरत नाही त्या माणसाच्या कपाळासारखी.

ते वर गेले. खोलीत थंडी होती. काकू पेन घेऊन कोडं सोडवत बसलेल्या.

"भिंत तापलीय," काका म्हणाले.

काकूंनी पेनचं टोपण लावलं. आठ जोड्यांची हकीकत त्यांनी गच्चीवरच्या मीटिंगनंतर, सगळ्यांच्या मागून ऐकली होती. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या की या घरात आपण अठ्ठावीस वर्षं तापत का राहिलो ते आत्ता कळलं.

"सगळ्यांत लांब जोडी आपली," काका म्हणाले. "खालपासून वरपर्यंत. आपली बंद केली तर निदान एकीची ऊब कमी होईल. बाकीच्यांचं माझ्या हातात नाही. तेवढंच राहिलंय हातात."

"मग?"

"तू काय म्हणतेस?"

"मी बंद करा म्हणणार नाही. चालू ठेवा असंही म्हणणार नाही. वायर तुम्ही ओढलीत, मला विचारून नाही ओढलीत. आता हे माझ्या नावावर टाकू नका. तुमचं तुम्ही ठरवा."

काका उभे राहिले. एसी मंद घरघरत होता. त्यांनी पलंग पाहिला, मोरीचं दार पाहिलं, मधली फरशी पाहिली. मग बोर्डापाशी गेले आणि विसाचा ब्रेकर खाली ओढला. खटका एवढासाच वाजला.

काकूंनी कोडं पुरं करायला घेतलं. घाईघाईने, वेळ संपत आलेल्या परीक्षेतल्या पोरीसारखं. तासाभरात खोलीत गच्ची उतरली. पेन आधी वाकडं चाललं, मग बोटांतून सुटून चादरीवर पडलं. काकांनी ते उचललं.

"सांग, मी लिहितो."

"नको."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी बाहेरची कामं घेणं बंद केलं. दुपारी एक ते पाच त्यांचा वेळ दोन ठिकाणी जाई. काकूंच्या पलंगापाशी आणि जिन्यातल्या त्या वळणावर. भिंतीवर तळहात टेकून ते उभे असत तेव्हा जाणारे-येणारे बाजूने निघून जात. नव्या रंगावर त्या जागी हाताचा मळकट डाग पडला, त्याबद्दल कमिटीची चिठ्ठी आली. एकदा मास्तर नातवंडाला घेऊन उतरताना थांबले. त्यांच्या आवाजात खोचकपणा होता, पण तेवढाच नव्हता.

"काय काका, ताप किती?"

"कालच्यापेक्षा जास्त आहे, मास्तर. हात लावून बघा."

मास्तरांनी हात अर्धवट उचलला. मग नातवंडाची टोपी सारखी केली आणि खाली गेले.

काका वर आले. काकू उशाला टेकून डोळे मिटून पडल्या होत्या. काकांनी पाण्याचा कप त्यांच्या ओठांना लावला. थोडं आत गेलं, बरंचसं हनुवटीवरून गळ्यापाशी उतरलं. काकांनी टॉवेलने पुसलं.

"गरम आहे अजून?" काकूंनी विचारलं. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते.

"आहे."

"आणि आपली वायर?"

"आपली त्यातल्या त्यात गार असणार. तिच्यावर आता फ्रिज-दिवा-पंखाच आहे."

काकूंनी डोळे उघडले नाहीत. "चला," त्या म्हणाल्या, "घरातलं कुणीतरी गार आहे."

काकांनी कप खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं. पावणेतीन वाजले होते. खाली एकेक एसी चालू झाल्याची घरघर येऊ लागली. त्यांनी ती मोजली, सात झाली, आणि चपला घालून ते पुन्हा जिन्याकडे निघाले.